कापसातलं पाणी आणि सातवीचं दप्तर



सातवीतल्या मुलाला विचारून बघा, "टक्का म्हणजे काय रे?" बहुतेक मुलं मार्कांचं उदाहरण देतील. टक्केवारी त्यांना तिथेच भेटलेली असते. गणिताच्या तासाला टक्केवारी, विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवन, भूगोलात काळी माती आणि तेलुगूच्या तासाला अर्जलेखन. घंटा झाली की एक वही आत जाते, दुसरी बाहेर येते. या चौघांची एकमेकांशी ओळख आहे, हे त्या दप्तराला कधी कळतच नाही.

आमच्या आदिलाबादेत हे चौघं एका जागी भेटतात. मार्केट यार्डात, कापसाच्या ढिगापाशी.

आपल्यापैकी अनेकांची घरं आता हैदराबादेत किंवा आणखी लांब आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभावाने कापूस घेतं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण त्याला अट आहे ओलाव्याची. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावाच्या एक टक्का, म्हणजे ८१ रुपये १० पैसे कपात. १२ टक्क्यांच्या वर गेला की खरेदी नाही. गाडी परत न्या, नाहीतर खासगी व्यापारी देईल तो भाव घ्या. इथल्या कापूसवाल्या घरांत दिवाळीच्या सुमारास याच एका आकड्याची चर्चा असते.

या दिवाळीत बेला मंडलातल्या ताईकडे गेलो होतो. भाचा सातवीत आहे. त्याला एकच प्रश्न दिला: "कापूस वाळवून नेला तर फायदा किती?" पुस्तक उघडायचं नाही, पण कुणालाही विचारायची मोकळीक.

तुम्हीही सोडवून बघा. १०० किलो कापूस, ओलावा १२ टक्के. तो वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर वजन किती भरेल? भाचा पटकन म्हणाला, "९६ किलो. बारातून आठ गेले, चार किलो पाणी उडालं." आजी म्हणाली, "कापूस तेवढाच राहते ना बापा, पाणीच तर जाते." तिथे तो थांबला. कोरडा माल ८८ किलो, तो बदलत नाही. वाळल्यावर हे ८८ किलो एकूण वजनाच्या ९२ टक्के असायला हवेत. ८८ ला ०.९२ ने भागलं, उत्तर आलं ९५.६५ किलो.

आता पैसे. १२ टक्के ओलाव्याच्या १०० किलोला चार टक्के कपात जाऊन ७,७८५ रुपये ६० पैसे मिळतात. वाळवलेल्या ९५.६५ किलोला पूर्ण भावाने सुमारे ७,७५७ रुपये. म्हणजे वाळवून २८ रुपये कमीच आले!

मग लोक अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला कापूस का पसरतात? यासाठी त्याला दुसरा हिशोब करावा लागला. १४ टक्के ओलाव्याच्या १०० किलोला केंद्रावर जागाच नाही. पण तोच १२ टक्क्यांवर आणला तर वजन ९७.७३ किलो राहतं आणि साधारण ७,६०८ रुपये मिळतात. क्विंटलमागे जेमतेम सव्वादोन किलो पाणी उडालं की केंद्राचं दार उघडतं. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे वाळवण्याचे पैसे नाही भेटत, आत जायचं तिकीट भेटते." एवढं नेमकं मला तरी सांगता आलं नसतं.

इथून पुढे प्रश्न आपोआप दुसऱ्या विषयांत शिरतो. पाऊस नसताना कापूस ओला होतोच कसा? कापसाचा धागा हवेतली वाफ ओढून घेतो आणि हवा कोरडी झाली की सोडतो. आदिलाबादची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. रात्री दंव पडतं, म्हणून सकाळी वेचलेला आणि दुपारी वेचलेला कापूस सारखा नसतो. हे झालं विज्ञान. ओलावा मोजायचं यंत्र काय करतं? ओल्या कापसातून वीज सहज जाते, कोरड्यातून कमी. यंत्र ते मोजून टक्क्यांत दाखवतं. कापूस सैल की दाबलेला, यानेही आकडा हलतो. एकाच ढिगात तीन जागी तीन आकडे आले तर खरा कुठला? इथे सरासरी हवी, आणि नमुना कुठून घ्यायचा याचा विचारही हवा.

भूगोल तर पायाखालीच आहे. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे यवतमाळ. माती तीच काळी, पीक तेच, राज्य दुसरं. आणि भाषा? अर्ज तेलुगूत, अ‍ॅपमध्ये इंग्रजी शब्द आणि आजीला समजवायचं मराठीत. इथल्या वर्गात गोंडी आणि उर्दू बोलणारी मुलंही असतात. एक नियम चार भाषांत नीट सांगता येणं, ही भाषेची चांगलीच परीक्षा आहे. २०२५ च्या हंगामात ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आणि स्लॉट आला. मग स्लॉटच्या तारखेपर्यंत कापूस कसा कोरडा ठेवायचा, हेही नियोजनात आलंच.

एखादा खरा प्रश्न मध्ये ठेवून त्याच्याभोवती विषय गुंफायचे, याला आज समस्याधारित शिक्षण म्हणतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना असं शिकवायला सुरुवात केली. आधी रुग्णाची तक्रार, मग त्यासाठी लागेल ते शरीरशास्त्र. पण याची जवळची नातलग आपल्या शेजारीच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते हैदराबादेत जन्मलेले डॉ. झाकिर हुसेन. टकळीवर सूत कातताना गणित, विज्ञान, इतिहास शिकायचा. या गुंफणीला त्यांचा शब्द होता ‘समवाय’. तिथेही मध्ये कापूसच होता!

माझ्या कामात ‘सर्व्हर बंद पडला’ असा फोन येतो, तेव्हा हा प्रश्न कुठल्या धड्यावरचा हे कुणी सांगत नाही. आधी ते शोधायचं, मग सोडवायचं. त्याची सवय नोकरीत लागण्यापेक्षा सातवीत लागलेली बरी.

अर्थात सगळं असं शिकवता येत नाही. भागाकारच येत नसेल तर ८८ भागिले ०.९२ शी मूल अडणारच. सराव हवा, पाढे हवेत. शिवाय शिक्षकांचं काम वाढतं. गणित, विज्ञान आणि भाषेच्या शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावं लागतं की कुठला धडा कुठल्या दिवशी. पोर्शन संपवायची घाई असताना हे सोपं नाही. म्हणून एका सत्रात एकच प्रश्न आणि त्याला दोन आठवडे, एवढंच मागावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी बिनदप्तराचे दहा दिवस सुचवले आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांनी त्यातले दोन मार्केट यार्डाला द्यावेत. पालकसभेत हे बोलायला काहीच हरकत नाही.

तोवर घरी करता येईल असं सांगतो. पाव किलो सरकीसकट कापूस गावाहून मागवा. रात्री गच्चीवर पसरा. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. तीन दिवस वहीत लिहा. आमच्याकडे आलेले आकडे मुद्दाम सांगत नाही, तुमच्या गच्चीवरचे वेगळे येतील आणि ते का, हाच पुढचा प्रश्न. कापूस नाही मिळाला तर विजेचं बिल घ्या, नाहीतर अपार्टमेंटच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब घ्या. दोन अटी पाळा: उत्तर तुम्हालाही आधी ठाऊक नसावं, आणि त्या उत्तराने घरातल्या कुणाचं तरी काम व्हावं.

जाता जाता मुलांसाठी एक गणित. ओलावा १३ टक्के, कापूस ५ क्विंटल. केंद्रावर घेतला जावा म्हणून किती किलो पाणी उडवावं लागेल? आजी-आजोबांना विचारायला परवानगी आहे.

भेटू पुढच्या अंकात!