गोजिराच्या नावे

जपानी राक्षसपटांना हसणाऱ्या माणसांचा मला अलीकडे राग येऊ लागला आहे. हसण्याला माझी हरकत नाही. मी बँकेत कारकून आहे, आणि हसल्याशिवाय ही नोकरी निभत नाही. पण हसायला काही कारण लागतं. आमच्या डोंबिवलीच्या मेहुण्यांचं कारण गेली अनेक वर्षं एकच आहे : "अहो, त्या राक्षसाच्या आत माणूस आहे!" ही बातमी फक्त त्यांना आणि सी. आय. डी. खात्यालाच ठाऊक असावी, अशा थाटात ते हे सांगतात. अहो, आत माणूस असणारच! मग काय आत राक्षस घालायचा?

मुरबाडच्या माणसाला जपानी राक्षसांचा नाद लागलाच कसा, असंही मला विचारलं जातं. त्याचं श्रेय वाहतूक व्यवस्थेला आहे. कल्याणहून मुरबाडला रेल्वे येणार, हे मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून ऐकत आलो आहे. तोवर एस. टी. आहे, खिशात मोबाईल आहे आणि रस्त्याला ट्रॅफिक आहे. एवढ्या भांडवलावर माणूस जपानचा सगळा जुना सिनेमा पाहून काढू शकतो. मी काढला. त्यातून माझं असं ठाम मत झालं आहे, की हे सिनेमे पोरकट नाहीत. त्यांना पोरकट म्हणणारे आहेत.

आधी नावाचं बघा. 'गॉडझिला' हे इंग्रजी पाटीवरचं नाव. मूळचं नाव 'गोजिरा'. गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, या दोघांची संधी करून ते केलेलं आहे. मराठी माणसाला तर हे नाव घरचंच वाटायला हवं. मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "छान आहे. कुणाच्या बाळाचं ठेवलं?" बाळाची उंची पन्नास मीटर आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

आता रबराचा मुद्दा. आमच्या या जंगलपट्टीत, जव्हार-मोखाड्याकडे, बोहाडा होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं. मुखवटा लाकडाचा नाहीतर कागदाच्या लगद्याचा आणि मुखवट्याच्या आत पलीकडच्या पाड्यावरचा ओळखीचा गडी. शेवटी देवी येते आणि महिषासुराला मारते. "अहो, महिषासुराच्या आत माणूस आहे" असं मध्येच उठून कुणी ओरडल्याचं अजून ऐकिवात नाही. ओरडलाच कुणी, तर देवी आणि महिषासुर आपलं भांडण तात्पुरतं मिटवून आधी त्याला बघून घेतील. दशावतारातला संकासुर घ्या. १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' घ्या. त्यात तुकोबा गरुडाच्या विमानात बसून वैकुंठाला जातात. त्या गरुडाच्या पंखांचे सांधे मोजत बसावं असं कोणाही सभ्य माणसाला वाटत नाही. आणि १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेव्हा आकाशात दोन बाण समोरासमोर येऊन एकमेकांना विझवीत असत. हेच आमचे मेहुणे त्या काळी रविवारी सकाळी आंघोळ करून त्या बाणांपुढे हात जोडून बसत. टी. व्ही.ला हार असे.

मग एकट्या गोजिराच्याच पाठीवरची चेन कशी दिसते? तर गोजिराला हसलं म्हणून पाप लागत नाही. एवढंच कारण.

वास्तविक त्या रबरामागे केवढा घाम आहे! ट्रिक सीन करणारे एजी त्सुबुराया यांच्या मनात 'किंग काँग'सारखी बाहुली वापरायची होती, ती एकेक फोटो काढत हळूहळू हलवायची. त्यांनी हिशेब केला, तर सात वर्षं लागणार होती. स्टुडिओला सिनेमा त्याच वर्षी हवा होता. म्हणून माणूस आत गेला. त्या माणसाचं नाव हारुओ नाकाजिमा. पहिल्या पोशाखाचं वजन शंभर किलोच्या आसपास. तो घालून दिव्यांच्या उकाड्यात, पंचवीस पट लहान केलेल्या टोकियोतून चालायचं, तेही अशा ऐटीत की चालणारा पन्नास मीटर उंच वाटावा! नाकाजिमांनी हे काम १९५४ पासून १९७२ पर्यंत केलं. गर्जना कशी काढली तर संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या युक्तीनं, राळ लावलेला चामड्याचा हातमोजा एका भल्या थोरल्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवरून ओढून. हे सगळं खोटं असेल, पण कामचुकारपणाचं नाही. दोन्हींत फरक आहे, हे सरकारी कचेरीत एकदा जरी गेला असाल तरी पटेल.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात, की एका बाजूला रक्कम जमा पडली, की कुठेतरी तेवढीच नावे पडली पाहिजे. नाहीतर ताळेबंद जुळत नाही. माणसं आयुष्यभर जमेची बाजू वाचून दाखवतात. जपान्यांनी नावेची बाजू लिहायला एक राक्षस नेमला.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. शास्त्राची प्रगती : जमा. त्या दिवशी 'भाग्यवान ड्रॅगन' अशा अर्थाचं नाव असलेली एक जपानी मासेमारी बोट त्या समुद्रात होती. तिच्यावरच्या तेवीस माणसांच्या अंगावर पांढरी राख पडली. बोटीचा रेडिओवाला सप्टेंबरात वारला. ३ नोव्हेंबरला 'गोजिरा' पडद्यावर आला, आणि पहिल्याच प्रसंगात समुद्रात डोळे दिपवणारा प्रकाश होऊन एक बोट पेटते. ती कुठली, हे जपानी प्रेक्षकाला कुणी सांगावं लागलं नाही. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून घरी परतताना बेचिराख हिरोशिमातून गेले होते. सिनेमात एक लोकलचा प्रसंग आहे. माणसं कल्याण लोकलमध्ये बोलतात तशीच बोलत असतात : मासे विषारी झालेत, पावसाचा भरवसा नाही, आता हा गोजिरा. त्यांतली एक बाई नागासाकीतून वाचून आलेली असते. हे ऐकूनसुद्धा ज्याला चेन दिसते, त्यानं डोळे तपासून घ्यावेत.

शेवटी गोजिराला मारायचं अस्त्र एका तरुण शास्त्रज्ञापाशी असतं. तो ते वापरतो. पण आधी सगळे कागद जाळतो आणि नंतर समुद्राच्या तळाशी आपला प्राणवायूही स्वतःच तोडतो, कारण त्या अस्त्राची शेवटची प्रत त्याच्या डोक्यात असते. खातं बंद करणं याला म्हणतात! १९५६ साली अमेरिकेत हाच सिनेमा लागला, तेव्हा अणुबाँबविषयीचं बरंचसं बोलणं कापून मध्ये एक अमेरिकन वार्ताहर घुसवला होता. दुसऱ्याच्या पासबुकात आपल्या नावे पडलेल्या रकमेवर खाडाखोड करावी, तसा तो प्रकार. आमच्याकडे एवढ्यावर माणूस निलंबित होतो.

आता अंतराळाकडे वळू. १९६५ साली होंडांचाच आणखी एक सिनेमा आला. गुरूच्या पलीकडे एक नवा ग्रह सापडतो. तिथले काळ्या चष्म्यातले रहिवासी पृथ्वीवाल्यांना म्हणतात, "आम्हांला एका तीन डोक्यांच्या ड्रॅगननं छळलं आहे. तुमचा गोजिरा आणि तुमचा तो उडता रोदान आम्हांला उसना द्या. बदल्यात कर्करोगावरचं औषध देतो." पृथ्वीवाले देऊन टाकतात! तारण नाही, जामीनदार नाही, दोन साक्षीदारांच्या सह्यासुद्धा नाहीत. औषधाची म्हणून जी टेप मिळते, तिच्यातून पृथ्वीला शरणागतीची नोटीस निघते. ड्रॅगन पहिल्यापासून त्यांच्याच हातातला. कर्जखात्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला हा सिनेमा सक्तीनं दाखवला पाहिजे.

आणि एवढा सगळा खटाटोप त्या लोकांनी कशासाठी केला? पाण्यासाठी. त्यांच्या ग्रहावर पाणी नव्हतं, आपल्याकडे होतं.

इथे मेहुणे हसले. पाण्यासाठी कुणी एवढ्या लांबून येतं का, म्हणाले. शहापूर-मुरबाडच्या माणसाला हे विचारू नये. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यात. उन्हाळ्यात हंडे मांडून टँकरची वाट बघणारे पाडेही शहापूर तालुक्यातच. आमचं बारवी धरण १९७२ सालचं. पुढे त्याची उंची वाढवली तशी आणखी घरंदारं पाण्याखाली गेली. मेहुणे राहतात डोंबिवलीच्या एम. आय. डी. सी.च्या निवासी विभागात, तिथल्या नळाला हेच पाणी येतं. शहरांना पाणी : जमा. नावे कुणाच्या पडलं? तो राक्षस अजून कुणी उभा केला नाही. आमच्याकडे रबर कमी पडलं असेल.

नदीचंही तेच. १९७१ साली गोजिराची गाठ 'हेदोरा'शी पडली. 'हेदोरो' म्हणजे जपानीत गाळ, कारखान्यांच्या सांडपाण्याचा. हा राक्षस धुराड्यांवर बसून धूर ओढतो. मेहुणे म्हणाले, "काय ही कल्पना!" म्हटलं, कल्पना आपलीच आहे. १९१९ साली दादासाहेब फाळक्यांनी 'कालियामर्दन' काढला, त्यात कृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कालियाचा गुन्हा काय होता? त्यानं नदीचं पाणी विषारी केलं होतं! म्हणजे हेदोराच्या बावन्न वर्षं आधी, एका मराठी माणसानं हाच सिनेमा काढला होता. २०१४ साली उल्हासनगरात वालधुनीत रसायनं ओतली गेली आणि शेकडो माणसांना इस्पितळात न्यावं लागलं. तोवर आम्ही कालियाला कॅलेंडरवर नेऊन बसवलं होतं. त्याच्या फण्यावर नाचणारं कुणी वालधुनीकडे फिरकलं नाही.

मेहुण्यांचा शेवटचा आक्षेप असा, की पुढे पुढे गोजिरा नुसता विदूषक झाला. झाला, कबूल. त्या १९६५ च्याच सिनेमात तो परग्रहावर आनंदानं उड्या मारतो. १९७३ साली तर शेपटीवर घसरत जाऊन शत्रूला दोन्ही पायांनी लाथ घालतो. पण भीतीशी वर्षानुवर्षं संबंध राहिला, की ओळख होतेच. आमच्या तालुक्यात म्हसे गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. म्हसोबा काही शांत प्रकृतीचं दैवत म्हणून प्रसिद्ध नाही. पण माणसं त्याच्या पाया पडतात, बैलाचा सौदा करतात, घोंगडी खांद्यावर टाकतात आणि पोराला पाळण्यात बसवून घरी येतात. म्हणून म्हसोबाचा वचक कमी झाला, असं म्हणून बघा एकदा म्हशात.

२०२४ च्या मार्चमध्ये 'गोजिरा मायनस वन'ला दृश्यकरामतींचं ऑस्कर मिळालं. रात्रीच मेहुण्यांचा फोन. "अहो, आपल्या गोजिराला ऑस्कर!" आपल्या! मराठी माणसाला घरातलं सोनं परदेशी सोनारानं कसाला लावल्याशिवाय पिवळं दिसत नाही. "आणि यात आत माणूस नाही बरं का, सगळं कॉम्प्युटरवर," ते कौतुकानं म्हणाले. म्हणजे अडचण राक्षसाची नव्हतीच, माणसाचीच होती.

तेव्हा, वाचकहो, हसायचं असेल तर जरूर हसा. पण त्याआधी १९५४ चा मूळ जपानी 'गोजिरा' एकदा पाहा. शहाण्णव मिनिटांचा आहे, कल्याण-मुरबाड प्रवासात सहज बसतो. एकट्यानं पाहा. मेहुण्यांना शेजारी घेऊ नका.

आणि पाहताना तहान लागली, तर नळ जरा बेतानं सोडा. डोंबिवलीत असाल, तर विशेष बेतानं.