पहारेकऱ्याची पारख

नवा संगणक विकत घेण्यासाठी गृहस्थ दुकानात शिरला, की पैसे मोजून होण्यापूर्वीच त्याच्यावर एक प्रश्न येऊन आदळतो, "साहेब, अँटिव्हायरस कोणता टाकू?" प्रश्न मोठा साळसूद आहे. 'टाकू का?' असे दुकानदार विचारीत नाही, 'कोणता टाकू?' असे विचारतो! गिऱ्हाईक बिचारे गोंधळते, शेजाऱ्याने सांगितलेले एखादे नाव आठवून पुटपुटते आणि दरवर्षी भरावयाच्या वर्गणीचे ओझे स्वखुशीने डोक्यावर घेते.

विषाणूंचे भय खोटे आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू सोडला, तेव्हापासून ही पीडा जगाच्या मागे लागली आहे. पुण्याच्या काटकर बंधूंनी तर या रोगावरील औषधाचाच 'क्विक हील' हा नामांकित उद्योग उभारला. मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अभिमान निराळा आणि पारख निराळी.

विंडोज १० आणि ११ या प्रणालींमध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' हा पहारेकरी पहिल्यापासूनच बसविलेला असतो. त्याला वेगळी दमडी द्यावी लागत नाही. ही गोष्ट किती दुकानदार गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगतात? जर्मनीतील माग्डेबुर्गची 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची 'एव्ही-कंपॅरेटिव्हज' या स्वतंत्र संस्था अशा पहारेकऱ्यांची नेमाने परीक्षा घेत असतात आणि निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. त्या परीक्षांत हा फुकटचा पहारेकरी अलीकडची कित्येक वर्षे विकतच्यांच्या पंगतीला मानाने बसत आला आहे. बाहेरचा पहारेकरी नेमला, की घरचा आपोआप बाजूला सरतो. म्हणजे महिना-दोन महिन्यांच्या 'ट्रायल'वर आलेल्या पाहुण्याची मुदत संपल्यावर दारात नक्की कोण उभे आहे, हे घरधन्याने स्वतः पाहिले पाहिजे. दोघांना एकाच वेळी कामावर ठेवणे तर शुद्ध वेडेपणा होय; ते एकमेकांनाच चोर समजून झोंबतात आणि संगणक मात्र रखडतो.

मग विकतचे घेऊच नये काय? तसेही नाही. घरात चार यंत्रे आहेत, मुलांवर नजर ठेवावयाची आहे किंवा अडचणीच्या वेळी दूरध्वनीवर आपल्या भाषेत बोलणारे माणूस हवे आहे, अशा कुटुंबाने अवश्य पैसे मोजावेत. पण ते सोयीसाठी मोजावेत, भीतीपोटी नव्हे.

शिवाय किमतीहून मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. अँटिव्हायरस घरातील प्रत्येक फाईल उघडून पाहू शकतो. त्याला नेमणे म्हणजे कपाटाच्या किल्ल्याच हवाली करणे! 'अवास्ट' या प्रख्यात कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांच्या इंटरनेटवरील भ्रमंतीची माहिती विकली, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२४ साली त्या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचे मान्य करावे लागले. पहारेकरीच घरातील गोष्टी बाजारात सांगत फिरू लागला तर त्याला पहारेकरी कसे म्हणावे? फुकट मिळणाऱ्या परक्या मालाची ही चौकशी आधी केलेली बरी.

आणि एक कटू गोष्ट आम्हांस सांगितलीच पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ घरांत मूळ विंडोजच चोरीचे असते! ते 'क्रॅक' करण्यासाठी दुकानदाराचा पोऱ्या प्रथम पहारेकऱ्यालाच झोपवितो, कुठलीशी अनोळखी फाईल चालवितो आणि मग त्याच यंत्रावर हजार रुपयांचा अँटिव्हायरस चढवितो. भिंत पाडावयाची आणि दाराला नवे कुलूप लावावयाचे, असा हा प्रकार आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर हाहाकार उडविला आणि इंग्लंडमधील रुग्णालयांनाही जेरीस आणले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसविली नव्हती त्यांनाच तडाखा बसला.

म्हणून प्रणालीच्या दुरुस्त्या थांबवू नयेत, हे आमचे पहिले सांगणे आहे. विंडोज १०ची नियमित पाठराखण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्यांच्या घरी ती अद्याप आहे त्यांनी अँटिव्हायरसच्या जाहिराती चाळण्याआधी विंडोज ११ आपल्या यंत्रावर चढते का, हे पाहावे. दुसरे असे, की मुलीच्या लग्नाची छायाचित्रे असोत की आयुष्यभराचे लेखन असो, त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवावी. फाईलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या विषाणूपुढे उत्तमातला उत्तम पहारेकरीही कधीकधी हरतो. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत मात्र त्याचा हात पोहोचत नाही. आणि "मी कंपनीतून बोलतो, तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे," असा फोन आल्यास तो तत्काळ खाली ठेवावा. कोणताही अँटिव्हायरस तो फोन तुमच्या वतीने ठेवीत नाही!

दुकानदार मंडळींकडे आमची एक साधी मागणी आहे. विंडोज अस्सल आहे की नाही, पहारेकरी कोणता बसविला, त्याची मुदत कधी संपते आणि पुढील वर्षी किती पैसे पडतील, एवढे पावतीवर लिहून द्या. त्या चार ओळींना शाई फारशी लागत नाही.