'खिडकी उघडी ठेवा' हा काही नियम नव्हे



थंडी पडली की आपल्या सगळ्या ग्रुपवर एक निरोप फिरू लागतो. 'गॅस गिझर वापरताना बाथरूमची खिडकी उघडी ठेवा. आधी बादली भरा, गिझर बंद करा, मगच आंघोळीला जा.' खाली हात जोडलेलं चित्र. सूचना बरोबर आहे, ती पाळायलाच हवी. माझा वाद त्या सूचनेशी नाही, तिच्या आड लपणाऱ्यांशी आहे. गिझर बनवणारा, विकणारा, भिंतीवर ठोकून देणारा, इमारतीचा नकाशा पास करणारा, सगळे मोकळे. सगळ्यांचा जीव सांभाळायची जबाबदारी मात्र घरातल्या बाईच्या आठवणीवर!

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे आधी हिशेब मांडते. मिनिटाला 6 लिटर गरम पाणी देणारा गॅस गिझर स्वयंपाकघरातल्या चार-पाच बर्नरांइतका गॅस एका वेळी जाळतो. तासाला साधारण पाऊण ते एक किलो. एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आता आपल्या फ्लॅटमधलं बाथरूम घ्या. चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. त्यात मावते जेमतेम साडेपाच घनमीटर हवा. म्हणजे अर्धा तास गिझर चालला की त्या खोलीत आहे तेवढी सगळी हवा तो एकटा वापरतो, आणि माणसानेही त्याच हवेत श्वास घ्यायचा. बाहेरची हवा आत आली नाही तर ऑक्सिजन कमी पडतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जळलेली हवा बाहेर नेणारी नळी या साध्या गिझरांना नसतेच. जे जळतं ते सगळं खोलीतच उरतं.

सिलिंडर गळला तर वास येतो, कारण कळावं म्हणून गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची चुरचुरही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि धोका कळेपर्यंत कडीपर्यंत हात पोचवायची ताकद उरत नाही. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्याचा धोका आईपेक्षाही जास्त.

या काही ऐकीव गोष्टी नाहीत. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत बोरिवलीला आंघोळीला गेलेली 15 वर्षांची मुलगी गेली. मार्च 2023 मध्ये घाटकोपरला रंग खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं. तेव्हाही पोलिसांनी पहिला संशय गॅस गिझरवर घेतला होता. दर हिवाळ्यात पेपरच्या आतल्या पानावर अशी एखादी चौकट असतेच. आपण हळहळतो आणि पान उलटतो.

जे वाचतात त्यांचंही ऐका. आपल्या देशातल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी 'गॅस गिझर सिंड्रोम' या नावाने असे रुग्ण नोंदवले आहेत. आंघोळीत अचानक शुद्ध हरपते, झटका येतो. बाथरूममध्ये गिझर कसला आहे हे कोणी विचारलंच नाही तर 'फिट आली' असं निदान होऊन मिरगीच्या गोळ्या सुरू होऊ शकतात. लग्नाच्या मुलीवर असा शिक्का बसला तर पुढे काय होतं, हे आपल्या समाजात मी कोणाला सांगायला नको. दोष भिंतीवरच्या डब्याचा आणि डाग पोरीच्या नावावर.

आपल्या आज्या न्हाणीसाठी तांब्याचा बंब पेटवायच्या. तो असायचा परसात, आणि वर धुराडं असायचं. जाळ बाहेर, पाणी आत. डोळ्यांत धूर जायचा म्हणून का होईना, एवढी अक्कल प्रत्येक घरात होती. आता धूर दिसत नाही म्हणून आपण तोच जाळ कडी लावलेल्या खोलीत नेऊन ठेवला, आणि त्याला सोय म्हणायला लागलो.

आता कायद्याकडे बघा. उघड्या रस्त्यावर धावणाऱ्या स्कूटरला पीयूसी लागते, आणि त्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइडच मोजतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये याच वायूची बाहेरच्या हवेसाठी मर्यादा ठरवली, तासाच्या सरासरीला घनमीटरमागे 4 मिलिग्रॅम. स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आपलं सोलापूर आहे, रस्त्यावरची धूळ मोजली जाते. पण बाथरूमच्या हवेला ही मर्यादा लागू नाही. सात रस्त्याच्या चौकात जी काळजी सरकार घेतं, ती उंबऱ्याच्या आत संपते.

ब्रिटनमध्ये 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांत एका वाक्यात निकाल लावला आहे. खोलीतली हवा न वापरणारा, म्हणजे हवा बाहेरून घेऊन जळलेला वायू बाहेरच सोडणारा बंदिस्त गिझर असेल तरच तो बाथरूममध्ये बसवता येतो. काम नोंदणी असलेल्या माणसानेच करायचं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या हवा-नियंत्रण मंडळाने तर 2023 मध्ये ठरवलं की 2027 पासून घरगुती गॅस हीटरच्या चिमणीतून बाहेर जाणारे नायट्रोजनचे ऑक्साइडही चालणार नाहीत. ते लोक चिमणीबाहेरच्या हवेबद्दल भांडतायत. आपल्याकडे चिमणीच नाही!

यावर तीन उत्तरं मला नेहमी मिळतात. पहिलं, 'आमच्याकडे पंधरा वर्षं आहे, काही झालं नाही.' फटीतून वारा येत होता म्हणून झालं नाही. फट बुजवा, काचेची खिडकी लावा, मग बघा. दुसरं, 'लाइट बिल परवडत नाही, नियम आले की गरिबाचं पाणी गार राहील.' नियमाचा सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे तोच गिझर बाहेर मोकळ्या गॅलरीत लावणे आणि पाण्याची नळी आत आणणे. खर्च चार-सहा फूट पाइपचा. शिवाय सोलापूरच्या उन्हाला कोणी बिल लावत नाही, गच्चीवर सोलर बसतो. तिसरं उत्तर दुकानातलं. 'काकू, बॉक्सवर सूचना छापलेली असते.' असते, बारीक इंग्रजी अक्षरांत. आलेली पाहुणी ती वाचत नाही, भाड्याने राहणारी मुलं वाचत नाहीत, आणि थंडीत कुडकुडणारी म्हातारी सासू खिडकी लावूनच घेते. दशलक्षण पर्वात पहाटे अभिषेकाला जायच्या घाईत एकामागून एक पाच आंघोळी होतात. तेव्हा प्रत्येक आंघोळीआधी खिडकी कोण तपासणार?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. बाहेर नळी नसलेला गिझर बाथरूममध्ये बसवायला कायद्याने बंदी हवी. विकताना बिलावर लिहून द्यावं की तो उघड्या जागेतच बसेल. बसवणारा परवानाधारक असावा आणि त्याची सही घरात राहावी. नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिकेने गिझरची जागा बाहेर आहे का, ते पाहावं. यात अशक्य काय आहे?

आपल्याकडे प्रमादाने झालेली हिंसा ही हिंसाच मानतात, मारायचा हेतू नव्हता म्हणून ती माफ होत नाही. हा नियम फक्त आपण घरच्या बायकांनीच का पाळायचा? माहीत असून विकणाऱ्याला आणि माहीत असून नकाशा पास करणाऱ्यालाही तो लागू आहे.

कायदा यायला वेळ लागेल. तोवर तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत एक ठराव मांडा: आपल्या इमारतीत एकही गॅस गिझर बाथरूमच्या आत राहणार नाही. सूचक म्हणून स्वतःचं नाव लिहा, अनुमोदनाला शेजारणीला उभं करा. आणि ठरावाची एक प्रत महापालिकेत देऊन पोच घ्या. पोच जपून ठेवा. कागद असला की जबाबदारी कोणाची, ते नंतर नाकारता येत नाही.