गाय, वासरू आणि सोबतचा कुत्रा

भातकापणी उरकली की माकुणसारच्या मोकळ्या शेतांत गुरे चरू लागतात. सुटीत मुंबईहून आलेली कुटुंबे त्याच बांधांवरून कुत्र्याला फिरावयास नेतात. एरवी गरीब असलेली गाय वासराजवळ कुत्रा दिसताच बिथरते. तिच्या लेखी तो लांडग्याचाच भाऊबंद. ब्रिटनचे माजी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट अंध आहेत. २००९ मध्ये मार्गदर्शक श्वानासह फिरताना त्यांना अशाच एका गाईने जखमी केले. कुत्रा साखळीत असावा, गाय-वासराच्या मधून जाऊ नये, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु गाय अंगावर आलीच, तर साखळी तत्काळ सोडावी, हे सुचत नाही. मायेने कुत्र्याला उचलून घेणारा स्वतःच शिंगांपुढे येतो. मोकळा कुत्रा सहसा धावून निसटतो.