बालारोग्य : छातीतली घरघर

शहापुरात थंडी पडली की मागांच्या खडखडाटात पोरांच्या छातीतली घरघर मिसळते, आणि घरोघरी वेखंडासाठी सहाण निघते. (वेखंडाने कफ सुटतो की पोर नुसते ओकते, हा वाद आमच्या घरी अद्याप मिटलेला नाही.)

श्वासनलिकेचे अस्तर थोडा कफ नेहमीच स्रवते. त्यात धूळ अडकते व केसाहून बारीक लव ती घशाकडे लोटते. दमेकरी मुलात कफ स्रवणाऱ्या पेशीच वाढतात, आणि मुळात अरुंद असलेली नळी दाट कफाने बुजते. विडीचा वा चुलीचा धूर, सुताची कस, निपाणीकडे तंबाखूची धूळ, ही त्यात भर. अशा वेळी खोकला दाबणारे औषध म्हणजे केर घरातच कोंडणे होय.

मूल शांत असता श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा. दोन महिन्यांपुढे वर्षाच्या आत ५० वा अधिक, १ ते ५ वर्षांत ४० वा अधिक भरल्यास, अथवा श्वासासरशी बरगड्यांखालचा भाग आत ओढला गेल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा.

गतवर्षी आमच्या नऊ महिन्यांच्या नातवाचे आम्ही ५६ मोजले. ओली सहाण तशीच टाकून रिक्षा बोलावली.