आवाज संपले नाहीत, घडवणं थांबलं

आकाशवाणीचा एखादा जुना निवेदक निवृत्त झाला की आमच्या नांदेड-लातूरकडे दोन सूर निघतात. एक म्हणतो, रेडिओ ऐकतो कोण? सगळं मोबाईलवर मिळतं. मुंबईहून एकच कार्यक्रम राज्यभर लावा. दुसरा सूर आम्हा जुन्या श्रोत्यांचा : आता तसे आवाज राहिले नाहीत, रेडिओ संपला. दोन्ही सूर चुकीचे आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या पथ्यावर पडतात.

आधी मोबाईल. ‘मान्सून राज्यात दाखल’ ही बातमी त्यावर क्षणात येते. ती वाचून औसा-निलंग्याच्या शेतकऱ्यानं चाड्यावर मूठ धरली आणि पावसानं ओढ दिली, तर दुबार पेरणी त्याच्याच बोकांडी बसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं. हा सल्ला मोबाईलवरही सापडेल. पण तज्ज्ञानं ‘उगवणक्षमता ७० टक्के’ म्हणताच ‘म्हणजे शंभर दाण्यांतले सत्तर उगवले तरच घरचं बियाणं पेरायचं ना?’ असं मधेच विचारणारा माणूस तिथं नसतो. निवेदकाचं काम ते. त्यासाठी त्याला शिवार ठाऊक असावं लागतं.

मुंबईहून एकच कार्यक्रम लावणाऱ्यांना विचारावं, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्यावर नांदेडच्या कोणत्या वस्त्यांनी सावध व्हायचं, हे कोण सांगणार? किनवट-माहूरचा डोंगरी भाग, देगलूर-बिलोलीची तेलुगू मिसळलेली बोली, तांड्यांवरची गोरमाटी, हे सगळं लांबून कळत नाही. खासगी एफएमला तर स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही.

श्रोते घटले, हे मान्य. पण श्रोत्यांची डोकी मोजून दुकान चालवायचं ते जाहिरातदारांनी. ‘बहुजनहिताय, बहुजनसुखाय’ हे ब्रीद मिरवणाऱ्या संस्थेनं जाहिरात जिथं पोचत नाही तिथंच आधी पोचायचं असतं.

आता आमचं स्वतःचं रडगाणं. मुंबई केंद्राचे बाळ कुडतरकर काय, पुण्याहून बातम्या वाचणाऱ्या सुधा नरवणे काय, हे आवाज आभाळातून पडले नव्हते. रोजचा माईक, ज्येष्ठांचा कान आणि वर्षानुवर्षांची बैठक यांतून ते घडले. आज कायम भरती रखडलेली आणि नैमित्तिक उद्घोषकाच्या वाट्याला महिन्याला जेमतेम सहा ड्यूट्या. पोटासाठी दुसरी नोकरी करत सहा पाळ्यांत कोणता गळा तयार होणार? तरुणांत दम नाही म्हणणारे आपण, त्यांना तालीमच मिळत नाही हे सोयीस्कर विसरतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. निवेदक निवृत्त होण्याच्या वर्षभर आधी त्याची जागा भरा आणि ते वर्ष दोघांना एकत्र बसवा. जिल्ह्याचा सकाळचा आणि संध्याकाळचा वेळ जिल्ह्याच्याच केंद्राकडे ठेवा. पैसा लागेल, पण चुकलेल्या एका पेरणीहून तो महाग नाही.

हे होणार नाही, असं मानायचं कारण नाही. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला होता. विरोध झाला आणि त्याला स्थगिती मिळाली. नांदेड-लातूरच्या श्रोत्यांनी हळहळ पुरे करावी आणि आपापल्या खासदाराला एक प्रश्न लेखी विचारावा : आमच्या केंद्रात निवेदकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि त्या कधी भरणार?