एका भाषणाची दुरुस्ती

मराठीच्या प्राध्यापकाला कोणत्याही विषयावर भाषण करता येते, असा आमच्या वऱ्हाडात एक समज आहे. तो पसरविण्यात आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचाच वाटा मोठा आहे, हे मी नाकारीत नाही. ग्रंथालयाचा वर्धापनदिन असो, गणेशोत्सव असो, की कुणाचा निरोपसमारंभ असो. ऐनवेळी पाहुणा आला नाही की अमरावतीत आमच्या घराकडे माणूस धावतो. मीही सदरा बदलायला लागेल तेवढ्याच वेळात तयार होतो.

या सवयीने मला एकदा चांगलेच अडचणीत आणले. त्याची ही हकीगत.

२०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी पुंजविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या निमित्ताने अकोल्यात एक सभा भरली. वक्ते होते आमच्याच महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि अध्यक्ष मी. विषय होता, ‘प्रकाश : कण की तरंग?’ अध्यक्षाने समारोपाचे दोन शब्द बोलायचे असतात. मी पाऊण तास बोललो. वक्त्यांचे भाषण मात्र मी नीटसे ऐकले नव्हते; कारण ते बोलत होते तेव्हा मी माझी वाक्ये जुळवीत होतो.

मी म्हणालो, “मंडळी, यात अवघड ते काय? घरी मी बाप, कॉलेजात मास्तर. माणूस एक, रूपे दोन. तसाच प्रकाश! कधी तरंग, कधी कण.” टाळ्या पडल्या. मग मी वऱ्हाडच्या इतिहासाकडे वळलो. १८५३ च्या तहानंतर आपला मुलूख नावाने निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा; द्वैताचे धडे आम्हाला शास्त्रज्ञांनी काय द्यावेत? हशा पिकला. शेवटी अर्धनारीनटेश्वराला पाचारण केले आणि हे सारे आपल्या पूर्वजांना कधीचेच ठाऊक होते, असे सांगून टाकले. तेव्हा तर टाळ्या थांबेनात.

सभा संपल्यावर अकरावी-बारावीतली एक मुलगी वही घेऊन आली. तिने माझी वाक्ये उतरून घेतली होती. “सर, हे परीक्षेत लिहिलं तर चालेल?” मी म्हणालो, “अवश्य लिही बेटा.”

परतीच्या गाडीत मी खुशीत होतो. आमचे भौतिकवाले सर खिडकीशी गप्प बसले होते. मूर्तिजापूरला चहा आला तेव्हा ते म्हणाले, “सर, भाषण लय रंगलं तुमचं. एकच गोष्ट आहे. त्यातलं काहीच प्रकाशाला लागू पडत नाही.”

चहा जरा गरमच लागला.

“तुम्ही घरी असता तेव्हा कॉलेजात नसता,” ते म्हणाले. “पाळी लावून दोन कामं करून राहिले तुम्ही. प्रकाश पाळी लावत नाही, हीच तर पंचाईत आहे.”

आणि मग त्यांनी जे सांगितले, ते मी त्या दिवशी पहिल्यांदाच कान देऊन ऐकले.

पत्र्याला अगदी जवळजवळ दोन बारीक फटी पाडायच्या आणि त्यांतून एकाच रंगाचा प्रकाश पडद्यावर सोडायचा. पडद्यावर उजेडाचे आणि अंधाराचे पट्टे उमटतात. एकच फट उघडी असताना जिथे उजेड होता, तिथेच दुसरी उघडल्यावर काही जागी काळोख होतो. उजेडात उजेड मिळवून अंधार! थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले, की असे होणे फक्त लाटांना शक्य आहे. एका लाटेचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकत्र आले, की पाणी सपाट. ज्वारीचे दाणे ज्वारीत मिळवून शून्य कधी होत नाही.

म्हणजे प्रकाश तरंगच. पण १९०५ साली आइन्स्टाइनने सांगितले, की प्रकाश आपली ऊर्जा सुटी देत नाही. वाणी जशी पुड्या बांधून ठेवतो, तशी ती पुड्यांत बांधलेली असते; निळ्या प्रकाशाची पुडी मोठी, लाल प्रकाशाची लहान. शेतावरच्या सौरपंपाचे उदाहरण घ्या. त्याच्या सिलिकॉनच्या पट्टीतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला एक किमान पुडी लागते. त्याहून लहान पुड्यांचा अवरक्त प्रकाश पट्टीवर कितीही ओता, वीज निघत नाही. प्रकाश निव्वळ तरंग असता, तर थेंबे थेंबे तळे साचून केव्हातरी काम भागले असते.

“मग मी वेगळं काय सांगितलं?” मी म्हणालो. “फटींपाशी तरंग, पट्टीपाशी कण. घरी बाप, कॉलेजात मास्तर!”

ते हसले. “आता प्रकाश इतका मंद करा, की एका वेळेस एकच पुडी फटींकडे जाईल. काय दिसेल?”

ही नुसती कल्पना नव्हे. १९०९ साली केंब्रिजमध्ये जेफ्री टेलर या तरुणाने ज्योतीपुढे काजळी धरलेल्या काचा लावून अत्यंत क्षीण प्रकाशात एका सुईच्या सावलीचे छायाचित्र घेतले. सर्वांत मंद प्रकाशात काच सुमारे दोन हजार तास, म्हणजे जवळजवळ तीन महिने, उघडी ठेवावी लागली. तरीही सावलीच्या कडेचे पट्टे जसेच्या तसे उमटले. पुढे १९८९ साली जपानमध्ये अकिरा टोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच खेळ इलेक्ट्रॉनवर केला, एकेक इलेक्ट्रॉन सोडून. पडद्यावर एक ठिपका पडतो. मग दुसरा. पहिले शेकडो ठिपके असे विस्कळीत, की एखाद्या पोराने रांगोळी सांडली असावी. हजारो पडले, की त्या पसाऱ्यातून स्वच्छ पट्टे वर येतात.

“अर्धा ठिपका आजपर्यंत कुणी पाहिला नाही,” सर म्हणाले. “पडतो तो अख्खा, एका जागी, म्हणून कण म्हणा. पण कुठे पडायचं आणि कुठे पडायचंच नाही, याचा हिशेब लाटेचा. एकाच प्रयोगात, एकाच पडद्यावर दोन्ही हजर. अन् तो कोणत्या फटीतून गेला हे पाहायची सोय केली, की पट्टे पुसले जातात.”

मी वऱ्हाडचा मुद्दा पुढे केला. तोही टिकला नाही. मुलूख कुणाचा आणि वसुली कुणाची याचे कागद होते. ते वाचले की शंका उरत नव्हती. इथे सगळे कागद वाचले, तरी पुढचा ठिपका कुठे पडेल ते सांगता येत नाही. शक्यता तेवढी सांगता येते. ती मात्र इतकी चोख, की हजारो ठिपक्यांची रांगोळी आधीच काढून दाखवता येते.

अर्धनारीनटेश्वराविषयी ते जरा संकोचून बोलले. “त्याला माझाही नमस्कार आहे, सर. पण त्या मूर्तीवरून पट्ट्यांची रुंदी काढता येत नाही. पूर्वजांना जे माहीत होतं त्याचा मान ठेवावा. जे माहीत नव्हतं ते त्यांच्या पदरात घालून त्यांचा मान वाढत नाही.”

मी विचारले, “पण शास्त्रज्ञांना तरी हे पटलं का?”

“पटेपर्यंत एका घराण्यात दोन पिढ्या गेल्या,” ते म्हणाले. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन हा कण आहे असे दाखविले; त्यांना १९०६ चे नोबेल मिळाले. १९२४ साली लुई द ब्रॉग्ली या फ्रेंच तरुणाने आपल्या प्रबंधात मांडले, की प्रकाशाला जर कणाची बाजू आहे, तर कणांनाही तरंगाची बाजू असली पाहिजे. तीन वर्षांत अमेरिकेत डेव्हिसन आणि जर्मर यांनी आणि ब्रिटनमध्ये जी. पी. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचे तरंग प्रयोगाने दाखविले. हे जी. पी. म्हणजे जे. जें.चे चिरंजीव. त्यांनाही १९३७ साली नोबेल मिळाले. बापाला कण दाखविल्याबद्दल, मुलाला तरंग दाखविल्याबद्दल. आणि दोघेही बरोबर.

तोवर बडनेरा जवळ आले. पिशव्या आवरताना सर म्हणाले, “आपण इथे उतरू. ही गाडी पुढे धामणगाव सोडून तळणीवरून जाईल. तिथे काय झालं होतं ते सांगायला सभेत वेळ उरला नाही.” वेळ का उरला नाही, हे ते बोलले नाहीत.

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली वऱ्हाडावरून गेली. ते पाहायला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींनी आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळणीला तळ दिला होता. वॉल्टर माँडर होते. त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या. त्यांच्या लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब किरण टिपला. आणि जॉन एव्हरशेड होते, जे पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेचे संचालक झाले. एव्हरशेड यांनी सूर्याच्या कडेवरच्या तेजाचा प्रकाश लोलकातून नेऊन त्याचा वर्णपट काचेवर घेतला. त्यात हायड्रोजनच्या रेघा होत्या. अतिनील बाजूला दाटत दाटत जाणाऱ्या. त्या जिथे संपायला हव्या होत्या, तिथून पुढे मात्र एक फिकट, सलग उजेड पसरलेला आढळला.

त्याचा अर्थ त्या वेळी जगात कुणालाच सांगता आला नसता. ऊर्जेच्या पुडीची कल्पनाच माक्स प्लांक यांनी डिसेंबर १९०० मध्ये मांडली. १९१३ साली नील्स बोर यांनी उलगडा केला. अणूत इलेक्ट्रॉनला ठराविक पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी घेतली, की उडीच्या उंचीएवढी एक पुडी बाहेर पडते. एका उडीची एक रेघ. वरच्या पायऱ्या जवळजवळ येत जातात, म्हणून रेघाही दाटत जातात. पण बाहेर मोकळा हिंडणारा इलेक्ट्रॉन आत येऊन दुसऱ्या पायरीवर पडला, तर त्याच्या उडीला ठराविक उंची नसते. म्हणून तिथे रेघ नाही, सलग उजेड.

“त्या काचेकडे पाहा, सर,” पुलावर चढता चढता ते म्हणाले. “रंग वेगळे केले लोलकानं, तरंगाच्या लांबीप्रमाणे. उमटले ते काचेवरच्या चांदीच्या क्षाराच्या कणांवर, पुडीपुडीनं. अन् रेघांचा अर्थ लागला तो पुड्या मानल्यावर. दोन्ही साक्षी एकाच काचेवर, आपल्या तळणीच्या!”

त्या रात्री मला झोप लागली नाही. तळणीच्या माणसांनी अर्थ न कळताही जे दिसले ते इमानाने टिपून ठेवले. मी काहीही न पाहता अर्थ सांगून मोकळा झालो होतो. आणि माझा तर धंदाच शब्दांचा! ‘तरंग’ हा शब्द आपण पाण्यावरून घेतला, ‘कण’ धान्यावरून आणि वाळूवरून. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंसाठी घडलेले हे शब्द अणूच्या मापाला अपुरे पडतात. हा प्रकाशाचा लहरीपणा नव्हे, आमच्या कोशाची मर्यादा आहे. ती झाकायला उपमा वापरली, की कळल्याचे समाधान मिळते आणि कळायचे राहून जाते.

ती मुलगी कोण, कोणत्या गावची, हे मला ठाऊक नाही. पण दिवाळी अंक घरोघरी जातो, म्हणून हा खटाटोप.

मुली, माझी ती वाक्ये खोड. त्यांच्या जागी एवढेच लिही : ‘प्रत्येक ठिपका अख्खा पडतो, ठिपके कुठे पडतील याची शक्यता तरंग ठरवतो. प्रकाशाचे असे आहे, आणि इलेक्ट्रॉनचेही.’ आणि पुरावा हवा असेल, तर फार लांब जायला नको. गॅसवर खारे पाणी उतू जाऊन निळी ज्योत एकदम पिवळी होते, ती मिठातल्या सोडियमच्या ठराविक मापाच्या पुड्यांनी. दिवाळीच्या दारूकामातला लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमच्या. प्रत्येकाचे माप ठरलेले.

गुण किती मिळतील, हे मला सांगता येत नाही. शक्यता तेवढी सांगता येईल, आणि ती बरी आहे.